व्हाउचर कुठाय?

१२ मार्च २०२४, मंगळवार. पतसंस्थेत मार्चअखेरची गर्दी, काउंटरवर सात-आठ माणसं आणि माझ्या हातात मुदत संपलेल्या ठेवीची पावती. ४५ हजार रुपये सभासदाच्या बचत खात्यात जमा करायचे होते. खाते क्रमांक १३८४. मी टाकला १८३४. दोन्ही खातेदारांचं आडनाव एकच, त्यामुळे स्क्रीनवर नाव आलं तरी खटकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खातेदार पासबुक घेऊन आले, आम्ही उलटी नोंद टाकली, पैसे जागेवर गेले. पाऊण तासात प्रकरण मिटलं. साहेब एवढंच म्हणाले, "बघून करा मॅडम, मार्च आहे."

मिटलं ते संस्थेच्या किर्दीत. माझ्या डोक्यात ती नोंद पुढचे दोन-अडीच महिने रोज नव्याने पडत होती.

मी पुण्यातल्या एका पतसंस्थेत १६ वर्षं हिशेब बघते. त्या दिवसापासून प्रत्येक व्हाउचर, म्हणजे नोंदीमागचा कागद, दोनदा, मग तीनदा, मग चारदा तपासायला लागले. संध्याकाळी घरी निघाले की राजाराम पुलापाशी बसमधून उतरायचं, उलट बस पकडून ऑफिसला जायचं आणि कुलूप ओढून बघायचं, असं मार्चमध्ये तीन वेळा केलं. रात्री दोन-अडीचला जाग यायची आणि आत सुरू व्हायचं: तुला साधा आकडा टाकता येत नाही. १६ वर्षं काय केलंस? आज ४५ हजार, उद्या साडेचार लाख. लोकांचे कष्टाचे पैसे आहेत. तू त्या खुर्चीवर बसायच्या लायकीचीच नाहीस.

हा आवाज नवा नव्हता. लहानपणापासून ओळखीचा. पण शाळेत आपल्याला शिकवतात की आतला आवाज म्हणजे सदसद्विवेक, तो खोटं बोलत नाही. त्यामुळे तो बोलतो ते खरं की खोटं, हा प्रश्न मला बेचाळिसाव्या वर्षापर्यंत पडला नव्हता. निंदकाचं घर शेजारी असावं म्हणतात. माझा तर घरातच राहत होता, तोही बिनभाड्याने.

७ एप्रिलला, पाडव्याच्या आधीच्या रविवारी, आठवीतल्या लेकीचं गणित घेत होते. तिने अपूर्णांकात छेद उलटा लिहिला आणि माझ्या तोंडून निघालं, "एवढं साधं जमत नाही तुला?" तिने पेन्सिल खाली ठेवली. रडली नाही, काही बोलली नाही, नुसती पेन्सिल वहीच्या बरोबर मधोमध ठेवली आणि तिच्याकडे बघत बसली. ती पेन्सिल अजून डोळ्यांसमोर आहे. माझ्या डोक्यात दिवसभर चालणारं वाक्य पहिल्यांदा घरात मोठ्याने ऐकू आलं होतं.

त्यापुढे काय काय केलं ते तारखांसकट लिहिते आहे, कारण मला तेव्हा 'नक्की जायचं कुठे' हेच कळत नव्हतं.

१० एप्रिलच्या रात्री १४४१६ हा नंबर लावला. टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठी फोनवर बोलायची सरकारची मोफत सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली, दिवसरात्र चालू असते. भाषा निवडताना मराठीचा पर्याय येतो. मी स्वयंपाकघराचं दार लावून, ओट्याला टेकून बोलत होते. पलीकडच्या बाईंनी आधी विचारलं, आत्ता सुरक्षित आहात ना, जिवाचं काही करावंसं वाटतंय का. मी नाही म्हटलं. मग वीसेक मिनिटं त्यांनी ऐकून घेतलं. "झोप महिनाभर अशी असेल तर एकदा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा," म्हणाल्या. फोनवर काही सुटलं नाही, पण घराबाहेरच्या कुणाला तरी पहिल्यांदा सांगितलं होतं. त्या रात्री साडेपाचपर्यंत झोपले.

इथे मी घोटाळा केला. तज्ज्ञांकडे जायच्या ऐवजी ओळखीतून कळलेल्या एका समुपदेशकाकडे गेले, कारण तिथे 'मानसोपचार' अशी पाटी नव्हती. खरं कारण हेच. १३ एप्रिलला दहा बैठकांचं पॅकेज सांगितलं गेलं, सात हजार रुपये, तीन हजार आगाऊ. गृहपाठ होता तो आरशासमोर उभं राहून रोज सकाळी एकवीस वेळा म्हणायचं, 'मी परिपूर्ण आहे, मी यशस्वी आहे.' तिसऱ्या दिवशी आरशातली मी 'परिपूर्ण' म्हणाले आणि आतून लगेच उत्तर आलं: १८३४. एकवीस वेळा म्हटलं, एकवीस वेळा उत्तर. पुढच्या बैठकीत सांगितलं तर, "तुमची श्रद्धा कमी पडते आहे." म्हणजे तिथेही मी नापास. २७ एप्रिलला जाणं बंद केलं. पैसे परत मागितले, मिळाले नाहीत. पावतीच घेतली नव्हती. हिशेबातली बाई, आणि पावती घेतली नाही!

(पुढे कळलं की हा अनुभव माझ्या एकटीचा नाही. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये एक अभ्यास छापला होता. स्वतःबद्दल आधीच हलकं मत असलेल्या लोकांनी स्वतःची स्तुती करणारं वाक्य पुन्हा पुन्हा म्हटलं, तर त्यांना आणखी वाईट वाटलं. हे मला तेव्हा माहीत असतं तर निदान श्रद्धेचं खापर डोक्यावर घेतलं नसतं.)

९ मे, गुरुवार. शेवटी सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत गेले. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत झाले आहेत, त्यामुळे केसपेपरला पैसे लागले नाहीत. सव्वाआठला रांगेत उभी राहिले, ११.४० ला नाव पुकारलं. पाण्याची बाटली, आधार कार्ड आणि आधीचे काही रिपोर्ट असतील तर ते बरोबर न्या. मी तोंडावर ओढणी घेऊन बसले होते. शेजारी एक रिक्षावाले काका, पलीकडे इंजिनिअरिंगचा मुलगा आणि त्याची आई, समोर नऊवारीतल्या आजी. तासाभराने ओढणी आपोआप खाली आली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. प्रत्येकाचं लक्ष आपला नंबर कधी लागतो याकडे.

आत नऊ प्रश्नांचा एक कागद भरायला दिला. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, लक्ष लागणं वगैरे कसं होतं, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीसपैकी. सहावा प्रश्न वाचून हात थांबला. आपण नालायक आहोत किंवा आपण कुटुंबाला खाली पाहायला लावलं असं वाटणं, अशा अर्थाचा. माझ्या डोक्यातलं वाक्य छापील कागदावर, प्रश्न म्हणून! म्हणजे हे इतक्यांना होतं की त्याचा रकाना करावा लागला. नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल असतो. मी शून्य लिहिलं तरी डॉक्टरांनी तो तोंडी परत विचारला. तुमचा तो आकडा शून्य नसेल तर अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी १४४१६ लावा किंवा घरच्या कुणाला घेऊन जवळच्या रुग्णालयात जा.

माझी बेरीज ११ आली. १० ते १४ म्हणजे मध्यम. डॉक्टर बारा-तेरा मिनिटं बोलले. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ करून आणायला सांगितलं, कारण त्यांच्यातल्या गडबडीनेही थकवा येतो, उदास वाटतं. रक्त द्यायची वेळ टळून गेली होती म्हणून बाहेरच्या लॅबमध्ये केलं, ११५० रुपये. बी-१२ कमी निघालं, बाकी ठीक. "गोळ्यांची घाई नको. बी-१२ घ्या आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे आठ-दहा बैठका करा. मग बघू." काहींना गोळ्या लागतात आणि त्यात काही कमीपणा नाही, हेही त्यांनी न विचारता सांगितलं.

निघताना ऑफिससाठी चिठ्ठी मागितली आणि पोटात गोळा आला. त्यावर 'मानसोपचार' लिहिलं तर? डॉक्टरांनी 'बाह्यरुग्ण विभागात तपासणीसाठी हजर होत्या' एवढंच लिहून दिलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, त्याचं कलम २३ रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याबद्दल आहे. साहेबांनी चिठ्ठी न वाचताच रजेच्या फाइलला लावली. मी त्या चिठ्ठीवर दोन रात्री घालवल्या होत्या.

आता सायकॉलॉजिस्ट शोधायचा. 'समुपदेशक' या शब्दावर कुणाची मालकी नाही, कुणीही पाटी लावू शकतं. चांगले समुपदेशक पुष्कळ आहेत, पण शिक्षण विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि त्यांच्या संकेतस्थळावर नाव घालून ती तपासता येते. सहा जणांना फोन केले. दोघांनी उचलला नाही, एकाची फी अडीच हजार, दोघांकडे संध्याकाळची वेळच नव्हती. सहाव्या मॅडम म्हणाल्या, महिनाभर थांबावं लागेल, पन्नास मिनिटांचे ८०० रुपये, दुसरा आणि चौथा शनिवार चालेल का? त्या दोन शनिवारी आम्हाला सुट्टी असते. थांबले.

८ जून. सदाशिव पेठेतला जुना वाडा पाडून झालेली इमारत, तिसरा मजला, लिफ्ट बंद. पहिली बैठक माहिती, संमतीपत्रावर सही, आणि बोललेलं कुठल्या परिस्थितीत बाहेर सांगावं लागेल याचे नियम यांतच गेली. शेवटी मॅडमनी गृहपाठ दिला. "तो आवाज काय म्हणतो ते वहीत लिहायचं. अक्षरशः. सारांश नको, सभ्य करून नको."

मी फुलस्केप वही आणली आणि सवयीने उभे रकाने आखले. वेळ, घटना, तो काय म्हणाला. पहिल्या दिवसाच्या काही नोंदी जशाच्या तशा देते.

७.१० – दूध उतू गेलं – 'लक्ष कुठे असतं तुझं नेहमी?'
९.५० – हजेरी – 'आज काहीतरी चुकणारच.'
११.२० – एका सभासदाने पासबुक उलटसुलट करून पाहिलं – 'सापडली वाटतं यांना चूक.'
२.१५ – साहेबांनी आत बोलावलं – 'कळलं त्यांना.' (त्यांना शंभराचे सुटे हवे होते.)

दिवसभरात १४ नोंदी. रात्री वाचून काढल्या तेव्हा हसू आलं ते फक्त सुट्या पैशांच्या नोंदीला. बाकी वाचताना वाटलं, एवढं वाईट मी कुठल्या थकबाकीदारालाही बोललेले नाही.

दुसऱ्या बैठकीत मॅडमनी लाल पेन दिलं. "यातले 'च' अधोरेखित करा." चुकणारच. चुकताच कामा नये. मलाच कसं जमत नाही. लायकीचीच नाही. १४ नोंदींत ११ 'च'. पान लाल झालं.

मग त्यांनी अल्बर्ट एलिस यांच्याबद्दल सांगितलं. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ, १९५५ च्या सुमारास त्यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. आपल्याकडे डॉ. कि. मो. फडके यांनी ती आयुष्यभर शिकवली. म्हणणं साधं आहे. घटना आणि तिचा मनावर होणारा परिणाम यांच्यामध्ये आपली समजूत बसलेली असते. चूक होऊ नये ही इच्छा झाली. चूक होताच कामा नये हा हुकूम झाला. इच्छा मोडली तर वाईट वाटतं, हुकूम मोडला तर माणूस स्वतःला सुळावर चढवतो. एलिस इंग्रजीतल्या ज्या 'मस्ट'च्या मागे लागले होते, तो मराठीत आपण 'च' या एका अक्षरात उरकतो.

मी विचारलं, "म्हणजे बोलण्यातून 'च' काढून टाकायचा?" मॅडम हसल्या. "'मी घरीच होते' यातला 'च' गरीब आहे हो, त्याला कशाला छळता? हुकूम सोडणारा तेवढा पकडा." तरी पुढचा आठवडाभर मला जिकडेतिकडे तोच ऐकू येत होता. भाजीवाला म्हणाला, "ताजीच आहे ताई," आणि माझा हात पेनाकडे गेला.

१३ जुलैची बैठक सगळ्यात वादावादीची. मी म्हटलं, "मॅडम, हा आवाज आहे म्हणून मी नीट काम करते. तो गेला तर मी ढिली पडेन." माझा त्यावर मनापासून विश्वास होता, आणि बहुतेकांचा असतो असं आता वाटतं. माणूस हा निंदक पोसतो तो पगारी नोकर समजून. मॅडमनी वाद घातला नाही. "तुम्ही हिशेबातल्या आहात. बघा की हिशेब करून."

सोमवारी मी माझ्या हातच्या दुरुस्ती नोंदींची फाइल काढली. जानेवारीत दोन. फेब्रुवारीत दोन. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात एक, ती गाजलेली. आणि एप्रिलमध्ये, जेव्हा मी प्रत्येक गोष्ट चारदा तपासत होते आणि आतून दिवसभर शिव्या खात होते, तेव्हा सात. झोप नाही, तपासायला वेळ जास्त म्हणून उरलेलं काम घाईत, घाईत चूक, चुकीवर परत शिव्या. हा आकडा माझ्याच अक्षरात, माझ्याच फाइलमध्ये होता. मॅडमनी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं.

त्या दिवशी वहीत चौथा रकाना आला: व्हाउचर. आमच्या कामात कागद नसेल तर नोंद मान्य होत नाही, मग ती अध्यक्षांनी सांगितलेली का असेना. 'कळलं त्यांना.' – व्हाउचर कुठाय? नाही. नोंद रद्द. 'तू १२ मार्चला खाते क्रमांक चुकीचा टाकलास.' – व्हाउचर आहे. मान्य. 'म्हणून तू नालायक आहेस.' – हे कुठल्या कागदावर? बरं, व्हाउचर काढून नीट पाहिलं तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. त्यावर पासिंगची, म्हणजे तपासून मंजूर करणाऱ्याची, दुसरी सही होती. म्हणजे ती चूक माझ्यासकट दोघांच्या डोळ्यांखालून गेली होती. चार महिने मी एकटीच्या नावे टाकत होते. ही पळवाट नाही, चूक माझी होतीच (हा 'च' गरिबांपैकी), पण रक्कम बरोबर नोंदवायला हवी.

२५ जुलैला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्याला एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. आम्ही धायरीला, उंचावर, आमच्याकडे काही झालं नाही, पण रस्त्यांचा भरवसा नव्हता, म्हणून २७ ची बैठक फोनवर झाली. खिडकीबाहेर पाऊस आणि कानाला फोन, त्यामुळे असेल, त्या दिवशी वडलांचा विषय निघाला. त्यांचं गावी किराणा दुकान होतं. रात्री गल्ला मोजायला मला बसवायचे. पाच रुपये कमी भरले की, "लक्ष कुठे असतं तुझं नेहमी?" दूध उतू गेल्यावरचं माझं वाक्य, शब्दन् शब्द. पण त्याबरोबर हेही आठवलं की माल उधारीवर आणलेला असायचा आणि घाऊक व्यापारी दर सोमवारी दारात उभा असायचा. पाच रुपयांची त्यांना भीती वाटत होती. वडलांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायला मी गेले नव्हते आणि मॅडमनीही तसा आग्रह धरला नाही. वाक्य कुठून आलं ते कळलं, तेवढ्यावर आम्ही पुढे गेलो.

ऑगस्टमधला गृहपाठ ऐकून मी नकोच म्हटलं होतं. लाजेला सामोरं जायचा सराव. कुणाला त्रास होणार नाही पण आपल्याला ओशाळं वाटेल असं काहीतरी चारचौघांत मुद्दाम करायचं. एलिस स्वतः रुग्णांना भुयारी रेल्वेत मोठ्याने स्टेशनांची नावं पुकारायला सांगत. "तुमच्याकडे रेल्वे नाही, पण पीएमपी आहे," मॅडम म्हणाल्या.

२१ ऑगस्ट, संध्याकाळी साडेसहा, स्वारगेटहून धायरीची बस, उभ्याने प्रवास. दांडेकर पूल गेला, घशात आवाज नाही. पानमळा गेला. कपाळावर घाम. राजाराम पुलाला बस वळली आणि मी डोळे मिटून ओरडले, "राजाराम पूऽऽल!" दोन माणसं उतरली. एका काकूंनी मागून विचारलं, "अहो, विठ्ठलवाडी आली की सांगाल का?" मी सांगितली. मग हिंगणे, आनंदनगर, माणिकबाग, सगळी पुकारली. कंडक्टर म्हणाला, "ताई, उद्यापासून ड्युटीवर या." आवाज आत होता, बोलतही होता, 'लोक वेडी समजतील'. पण माझ्या स्वतःच्या ओरडण्यात मला तो नीट ऐकू आला नाही.

दुसरा सराव मी स्वतःहून केला. सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरचा निरोप टाकला, त्यात 'पाणी' ऱ्हस्व लिहिलं आणि दुरुस्त केलं नाही. अकरा मिनिटांनी एका निवृत्त बाईंनी 'पाणी, दीर्घ' असं पाठवलं, सोबत नमस्काराचे हात. टँकर वेळेवर आला.

सप्टेंबरात गणपतीमुळे एक शनिवार चुकला, २८ ला गेले. मी आवाजाचं नाव 'ऑडिटर' ठेवलं होतं. मॅडमनी विचारलं, तुमचे खरे ऑडिटर कसे असतात? आणि मी बोलत सुटले. ते वर्षातून एकदा येतात. व्हाउचर मागतात. खटकलं तर शेरा लिहितात, तोही नोंदीवर. मग सहकार कायद्याच्या कलम ८२ प्रमाणे आम्ही दोष दुरुस्ती अहवाल देतो, त्यासाठी मुदत मिळते. चहा घेतात, जातात. "आणि तुमचा?" माझा रोज येतो, कागद बघत नाही, मुदत देत नाही आणि थेट ड वर्ग देऊन मोकळा होतो. संस्थेला अ, ब, क, ड वर्ग देता येतो, मॅडम म्हणाल्या, कारण संस्थेचे निकष ठरलेले आहेत. अख्ख्या माणसाला वर्ग द्यायचा तर निकष कुठले घेणार? ठेवीच्या नोंदीला शेरा द्या. आणि शेरा देताना त्याच्याशी बोला कसं, तर ऑफिसमधल्या नव्या मुलीशी बोलता तसं. तिला मी 'अगं' म्हणते. 'अगं, क्रमांक उलटा पडलाय, उलटी नोंद टाक आणि साहेबांना सांग.' तिला मी कधीच नालायक म्हटलेलं नाही. स्वतःला 'अगं' म्हणायला फार अवघड गेलं. बस पुकारण्यापेक्षा अवघड. पहिल्यांदा म्हटलं ते दिवाळीत, चकलीचं पीठ बिघडलं तेव्हा, आणि कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून मागे वळून पाहिलं.

सगळं सरळ चढत गेलं असं नाही. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सासूबाईंचं आजारपण आणि सहामाही ताळेबंद एकत्र आले, आणि पाच रात्री परत जुन्या. वही उघडलीच नाही. मॅडमना लाजत सांगितलं, तर म्हणाल्या, "पाच रात्रींचं व्हाउचर आहे, मान्य. 'सगळं मुसळ केरात' याचं आहे का?" २६ ऑक्टोबरला नऊ प्रश्नांचा कागद परत भरला, ५ आले. ११ जानेवारी २०२५ ला एक आढावा बैठक, आणि ठरलं की आता गरज पडली तर फोन करायचा.

खर्च मांडते. नऊ बैठका ७२००, आधीचं पाण्यात गेलेलं पॅकेज ३०००, रक्ततपासणी ११५०. एकूण ११,३५० आणि बसभाडं. विमा कंपनीला बिलं पाठवली होती. मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २१ (४) नुसार विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच वागवावं लागतं, म्हणून आशा होती. अकरा दिवसांनी ईमेल आला: आमच्या गट विम्यात कुठल्याच आजाराचा ओपीडी खर्च नाही, रुग्णालयात दाखल झाल्यास विचार करू. तुमच्या पॉलिसीत ओपीडी आहे का, ते सुरुवातीला वाचून घ्या. आणि प्रत्येक वेळी नाव, तारीख, नोंदणी क्रमांक असलेली पावती घ्या, मिळणार नसले तरी.

वही रोज लिहीत नाही आता. आवाज घट्ट धरून बसला तरच लिहिते, आणि लिहायची ती हाताने. फोनमध्ये टाइप करून पाहिलं, त्यात मी वाक्यं सभ्य करते.

२८ मार्च २०२५, शुक्रवार. परत मार्चअखेर. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा आणि नावे बाजूंचा ताळा, २७ रुपयांनी जुळेना. नव्या मुलीचा चेहरा उतरला. "मॅडम, माझंच काहीतरी चुकलं असणार. मी ना, अशीच आहे." मी तिला म्हटलं, "अगं, २७ ला नऊने भाग जातो. असा फरक आला की कुठेतरी दोन आकडे उलटे पडलेत का ते आधी बघायचं." दोघी व्हाउचरचे गठ्ठे घेऊन बसलो. पावणेआठला सापडलं. २६४१ च्या जागी २६१४. अक्षर माझं होतं.

"माझं आहे," मी म्हटलं आणि दुरुस्ती टाकली. तो बोलला, अर्थातच. ऑफिसच्या जिन्यात, मग बसमध्ये पानमळ्यापर्यंत. राजाराम पूल आला तेव्हा मी खिडकीपाशी बसले होते. उतरले नाही. घरी लेक जेवायची थांबली होती, तिला भूमितीत काहीतरी विचारायचं होतं.